रंगाऱ्याच्या मापाचा स्वेटर

आमच्या गल्लीत तिला सगळे 'खरखर' म्हणतात. खिडकीला लागून तिचं विणायचं यंत्र आहे. त्याचा गाडा इकडून तिकडे सरकला की भिंतीपलीकडच्यालाही कळतं, पोरगी कामाला लागली. शिकते वस्त्ररचना, शेवटच्या वर्षाला. बाप घरं रंगवणारा रंगारी, आमच्या कामगार संघटनेचा जुना सभासद.

शेवटच्या परीक्षेला पाच कपड्यांचा संग्रह करून प्रदर्शनात मांडायचा असतो. तिने पुरुषांसाठी बारीक विणीचे स्वेटर निवडले, पातळ, शर्टासारखे हलके. कॉलेजातल्या बाई खूश. मग तिने सांगितलं, हे घालणार रंगारी, वायरमन, दिवसभर हात वर करून राबणारी माणसं.

"अगं, बारीक विणीत पोट दिसतं," बाई म्हणाल्या. "एखादा सडपातळ मुलगा घे."

"पोट आहे म्हणून माणसाने गोणपाट घालायचं का?"

शाब्बास! दुकानातला कपडा घालून बघा एकदा. हात वर केला की पोट उघडं, खाली केला की काखेत बोळा. कपडे बेतणाऱ्यांनी ठरवूनच टाकलंय की सभ्य माणसाचे हात खालीच असतात.

बाईंनी अट घातली. पहिला स्वेटर बाहेरच्या परीक्षकांसमोर बापाच्या अंगावर नीट बसला तरच पुढचे चार. नाहीतर विषय बदलायचा, म्हणजे वर्ष गेलं.

आधी छोटा नमुना विणायचा, धुवायचा, वाळवायचा, मग टाके मोजून माप ठरवायचं. तिने सगळं चोख केलं. पण नमुना विणला पांढुरक्या लोकरी सुताचा आणि स्वेटर गडद निळ्याचा. जाडी तीच, पण गडद रंग प्यायलेलं सूत ताठ होतं, टाका आवळून बसतो. हे तिला शिकवलेलं होतं. निळं सूत मोजकंच, ते नमुन्यात कशाला घालवायचं, असं तिला वाटलं.

धुऊन वाळवलेला स्वेटर बापाने डोक्यातून घातला. तो छातीवरच अडला.

"बाबा, पोट आत घे."

"हे घेतलेलंच आहे, बाळा."

"श्वास सोडू नका हो," आई म्हणाली, "पोरीचं वर्ष जाईल."

पोरगी हसली नाही. उसवून पुन्हा विणावं, तर धुतलेली लोकर धाग्याला धागा चिकटून बसलेली. बाहेरचे परीक्षक परवाच येणार होते. सभेचा निरोप द्यायला मी गेलो, तेव्हा ती यंत्राकडे पाठ करून बसली होती.

"मी बोलतो तुझ्या बाईंशी," मी तडकून म्हणालो. "मुदत कशी देत नाहीत बघतो!"

"तुमचा मोर्चा नको, काका. चुकले ते माझे टाके."

मग काय डोक्यात आलं कोण जाणे, तिने बापाला स्वेटर ओढूनताणून चढवायला लावला आणि छत रंगवतोस तसा उभा राहा म्हणाली. कापड ओढलं जात होतं ते कमरेपासून काखेतून थेट मनगटापर्यंत. तिथे खडूने रेघ मारली, टाके सुटू नयेत म्हणून दोन्ही बाजूंनी शिलाई घातली, आणि मधून कात्री चालवली. आई बाहेर निघून गेली, तिला बघवेना. त्या फटीत पोरीने उरलेल्या पांढुरक्या सुताची, ताणली की फाकणारी उभ्या रेघांची पट्टी विणून बसवली.

परीक्षक चष्म्यावरून बघणारे गृहस्थ होते. "हे पांढरं काय? निळं संपलं?"

बापाला नुसतं उभं राहायला सांगितलं होतं. त्याने सरळ हात वर केले. पट्टी पंख्यासारखी फाकली, स्वेटरची खालची कड जागची हलली नाही. हात खाली आले तशी पट्टी घडीत गेली.

"पुन्हा करा," परीक्षक म्हणाले. तीनदा करायला लावलं. मग पोरीकडे वळले. "हे आधीच ठरवलेलं?"

"नाही सर. माप चुकलं. गडद सुताचा नमुनाच घेतला नव्हता मी."

बाईंनी कपाळाला हात लावला.

"मग पुढच्या चारांना नमुना घे," परीक्षक म्हणाले. "पट्टी मात्र ठेव."

बाहेर येताच बाप म्हणाला, "दुपारी काम आहे. असाच जातो."

"बाबा! रंग लागेल!"

"कामासाठीच केलास ना?"

तिने त्याची बाही धरली. रस्त्यातच ओढाताण झाली. शेवटी त्याने स्वेटर काढून तिच्या हातात दिला. "प्रदर्शनानंतर माझा. आणि वायरमनचं माप जपून घे. त्याच्या पोटापुढे माझं काहीच नाही."