चार नंबरची बाटली

“मॅडम, चार नंबरची बाटली काळी पडलीय,” रंजना फोनवर म्हणाली.

“आणि तीन नंबरची?”

“तशीच आहे. एक, दोन, तीन, कशालाच काही झालेलं नाही.”

“लेबलं उलटसुलट लागली असतील.”

“मीच लावलीत, मॅडम.” आवाज जरा दुखावलेला होता.

मी बोर्डीला घराच्या ओट्यावर चहा घेत बसले होते. माझी सगळी नोकरी तारापूरच्या बाजूला एका वॉटर टेस्टिंग लॅबमध्ये गेली. कंपन्यांचं सांडपाणी यायचं, आम्ही तपासायचो, रिपोर्ट द्यायचो. मग कंपनीचा फोन यायचा की रिपोर्टमध्ये काहीतरी चूक झालीय. आज पहिल्यांदाच तसलं वाक्य माझ्या तोंडून निघालं होतं.

हे सगळं सुरू झालं एका व्याख्यानावरून. तलासरी तालुक्यातल्या एका कॉलेजात पर्यावरण सप्ताह होता. प्राचार्यांनी मला ‘जल प्रदूषण’ या विषयावर बोलायला बोलावलं. पर्यावरणाचा पेपर सगळ्यांना सक्तीचा, त्यामुळे हॉल पूर्ण भरतो आणि अर्धा झोपतो. म्हणून मी अट घातली. व्याख्यान एकच देईन. नंतर काही शनिवार मुलांना घेऊन कॉलेजजवळच्या नाल्याचं पाणी तपासू.

“उत्तम!” प्राचार्य म्हणाले. “फोटो छान येतील. पुढच्या महिन्यात मूल्यांकन समिती येतेय, त्यांना असं प्रत्यक्ष काम आवडतं. फक्त मॅडम, रिझल्ट जरा पॉझिटिव्ह ठेवा.”

लॅबमध्ये पॉझिटिव्ह म्हणजे जंतू सापडले.

नाल्याच्या वरच्या अंगाला कापड रंगवण्याचा एक छोटा कारखाना आहे. गुन्हेगार तोच, हे मुलांनी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं. पाण्याचा थेंब घेण्याआधी पोस्टर तयार झालं. धुराड्याला दोन शिंगं, खाली तोंड वासून मेलेले मासे. फेब्रुवारीत त्या नाल्याला घोट्याइतकं पाणी असतं, मासे फक्त चित्रात होते. प्राचार्यांना पोस्टर इतकं आवडलं, की ते त्यांनी ऑफिसबाहेर लावून घेतलं.

आम्ही चार ठिकाणचं पाणी घेतलं. पहिलं कारखान्याच्या वर, दुसरं कारखान्याच्या लगेच खाली. तिसरं कॉलेजचं कुंपण सुरू होतं तिथे, चौथं कुंपण संपल्यावर. पाणी नेमकं कुठे बिघडलं ते शोधायचं, तर प्रवाहाबरोबर खाली येत लागोपाठच्या दोन ठिकाणांतला फरक बघायचा. एवढंच त्यातलं शास्त्र.

प्रत्येक ठिकाणचं थोडं पाणी माझ्या जुन्या लॅबमध्ये रसायनांच्या तपासणीला गेलं. थोडं एका छोट्या बाटलीत भरून कॉलेजात ठेवलं. या बाटलीत एक पावडर असते. पाणी भरून उबेला ठेवायचं. दिवस-दोन दिवसांत ते काळं झालं, तर त्यात मैला मिसळला असण्याची दाट शक्यता. कारखान्याचा रंग या बाटलीला कळत नाही. तिला फक्त संडास कळतो.

रंजनाचा फोन आला तो या बाटल्यांबद्दल. ती बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होती. घर कासाच्या पुढे, पण कॉलेजसाठी मावशीकडे राहायची. मावशीचा पाडा या नाल्याच्याच काठाला, कॉलेजच्या खाली.

मी पुन्हा सॅम्पल घ्यायला लावलं. या वेळी लेबलं मी लावली. चार नंबर पुन्हा काळी.

तेवढ्यात रसायनांचा रिपोर्ट आला. सगळं ठीक. कारखान्याच्या खालीसुद्धा रंगाचा मागमूस नाही. मुलांची तोंडं उतरली. मी त्यांना घेऊन कारखान्याच्या गेटवर गेले. वॉचमन खाटेवर पडला होता.

“कंपनी? ती तर दिवाळीपासून बंद आहे,” तो म्हणाला. “तुम्हाला कामाला लागायचंय काय?”

इतक्या दिवसांत गेटवर जाऊन विचारायचं आमच्यापैकी कुणाला सुचलं नव्हतं. मलाही नाही. धुराडं दिसत होतं, आम्हाला तेवढं पुरलं.

मग आम्ही तीन नंबर ते चार नंबर चालत गेलो. डाव्या हाताला नाला, उजव्या हाताला कॉलेजची मागची भिंत. भिंतीच्या आत औषधी वनस्पतींची बाग आहे. कॉलेज ती प्रत्येक पाहुण्याला दाखवतं. उन्हाळा तोंडावर आला होता, पण तिथला अडुळसा डोक्याइतका उंच आणि गर्द हिरवा. वास आला तेव्हा मुलं एकमेकांकडे बघायला लागली. रंजनाने काठीने झुडूप बाजूला केलं. भिंतीतून एक पाइप बाहेर आला होता, हॉस्टेलच्या सेप्टिक टँकचा. टँक भरून वाहत होता आणि जास्तीचं सगळं आतली बाग शिंपत पाइपातून नाल्यात उतरत होतं.

कुणीतरी हसलं. रंजना हसली नाही.

“मॅडम, पाड्यावरचा हातपंप बंद आहे,” ती म्हणाली. “मावशी इथूनच पाणी नेते. वाळूत डवरा खणून.” डवरा म्हणजे नाल्याच्या वाळूतला खड्डा. त्यात पाझरून येणारं पाणी वाटीने हंड्यात भरतात. “मावशीच्या धाकट्याला जुलाब थांबत नव्हते. सलाइन लावून आणलं मागच्या आठवड्यात.”

“ते याच पाण्याने झालं, असं आपण सिद्ध करू शकत नाही,” मी म्हणाले. लॅबमधल्या बोलण्याची सवय जात नाही.

“सिद्ध नंतर करू, मॅडम. मी सांगून येते,” असं म्हणून ती पाड्याकडे निघालीच. मी मागोमाग गेले.

मावशी भांडी घासत होत्या. रंजनाने सगळं सांगितलं. डवरा कॉलेजच्या वरच्या बाजूला खणायचा आणि तरीही पाणी उकळूनच प्यायचं, हे दोनदा सांगितलं. मावशींनी शांतपणे ऐकून घेतलं. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “कॉलेजवाले नाल्यात उघड्यावर बसू नका म्हणून नाटक करून गेले आमच्यात. दोन वेळा. आम्ही बसायचं बंद केलं.”

मी भांड्यांकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी मी आणि रंजना प्राचार्यांच्या केबिनमध्ये. त्यांनी सगळं ऐकलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“मॅडम, तुम्ही आमच्या पाहुण्या आहात.”

“हो.”

“समितीसमोर पद्धत दाखवू या ना. बाटली, पावडर, रंग बदलणं. ठिकाणांची नावं कशाला? सॅम्पल ए, बी, सी, डी म्हणू.”

मला एकदम नोकरीवर परत आल्यासारखं वाटलं. कंपन्यांचे मॅनेजर शब्दशः हेच म्हणायचे. फरक एवढाच, की ते समोर काजूकतलीचा बॉक्स ठेवायचे. इथे चिकू होते.

“कारखाना सापडला असता तर नाव छापलं असतं ना, सर?” मी विचारलं.

“ती गोष्ट वेगळी. आपण शिक्षणसंस्था आहोत.”

मी आवाज चढवणार होते. पत्रकार, तक्रार, आरोग्य विभाग, सगळं जिभेवर आलं होतं. त्याआधी रंजना बोलली. हात मागे घट्ट धरलेले, पण आवाज सरळ.

“सर, समिती विचारेल, सप्ताह करून पुढे काय झालं? बाकी कॉलेजं सांगतील, पोस्टर काढली, झाडं लावली. आपण सांगू शकतो की मुलांनी प्रॉब्लेम शोधला आणि कॉलेजने तो सोडवला. पण त्यासाठी तो समिती यायच्या आधी सुटायला पाहिजे.”

प्राचार्यांनी चिकूची ताटली बाजूला सरकवली.

“आणि नाही सुटला तर?” प्राचार्य म्हणाले.

“तर मी खोटं बोलणार नाही, सर. त्यांनी डी कुठलं विचारलं, तर मी सांगेन.”

हे सांगताना तिचे डोळे भरून आले होते. स्कॉलरशिप, परीक्षा, दाखला, तिचं सगळं त्या टेबलावरून जायचं होतं. पण तिने नजर खाली केली नाही.

तीनच दिवसांत टँक उपसणारी गाडी आली. पाइप तोडून बुजवला. हॉस्टेलसाठी मोठा शोषखड्डा खणायला सुरुवात झाली. रंजनाच्या सांगण्यावरून कॉलेजने ग्रामपंचायतीला हातपंपासाठी पत्रही दिलं. पंप दुरुस्त झाला, आणि त्याचं श्रेय सरपंचांनी घेतलं. आम्ही घेऊ दिलं. त्यानंतर चार नंबरची बाटली आम्ही दर शनिवारी भरली. नाला वाहता होता, घाण हळूहळू धुऊन गेली. एके दिवशी ती स्वच्छ निघाली. रंजना बराच वेळ उजेडात धरून तिच्याकडे बघत होती.

समिती आली. अहवालात कॉलेजच्या ‘जागरूक नेतृत्वा’चं कौतुक झालं. प्राचार्यांचा सत्कार झाला, त्यांनी भाषणात पाणी म्हणजे जीवन असं सांगितलं. अडुळसा वाळायला लागला होता, म्हणून त्या दिवशी बाग कुणाला दाखवली नाही. शिंगांचं पोस्टर मात्र ऑफिसबाहेर तसंच राहिलं. ते काढायचं कुणाच्या लक्षात आलं नाही.

कारखान्याच्या मालकाचाही मला फोन आला. कुठून तरी त्याच्या कानावर गेलं होतं.

“मॅडम, आमचं पाणी क्लीन आलं म्हणे. लेटरहेडवर देता का?”

“तुमचा कारखाना बंद आहे.”

“हो, पण क्लीन आहे ना?”

मी फोन ठेवला.

सुट्टीत रंजनाने माझ्या जुन्या लॅबमध्ये ट्रेनिंग केलं. तिथल्या साहेबांना मी तिच्याबद्दल एकच वाक्य सांगितलं, की हिने लावलेलं लेबल पुन्हा तपासू नका.

या वर्षी कॉलेजचं पुन्हा आमंत्रण आलं. विषय या वेळी प्राचार्यांनी स्वतः निवडलाय, अंटार्क्टिकाचं वितळणारं बर्फ. इतक्या वर्षांच्या नोकरीतून मला जे कळलं ते त्यांना एका महिन्यात कळलं. प्रदूषण जितकं लांबचं, तितकं त्यावरचं व्याख्यान निर्धास्त.

मी होकार कळवला. सोबत विचारलं, व्याख्यानानंतर मुलांना घेऊन कॉलेजच्या कॅन्टीनची विहीर बघितली तर चालेल का?

अजून उत्तर आलेलं नाही.