खाऱ्या चिखलावरची फुलपाखरं

काकू कातड्यांना मीठ लावायच्या. खाटीकखान्यातून आलेलं ओलं कातडं फरशीवर अंथरायचं, त्यावर जाडं मीठ चोळायचं, वर दुसरं कातडं, पुन्हा मीठ. नवरा गेल्यावर त्याच्या जागी त्या कामाला लागल्या, त्यालाही आता बरीच वर्षं झाली होती. जखमेवर मीठ चोळणं लोकांना म्हणण्यापुरतं ठाऊक. काकूंच्या भेगाळलेल्या बोटांना ते रोजचं होतं. गल्लीत त्यांना ‘खारी काकू’ म्हणत. त्याही हसून घेत. पण बसमध्ये शेजारची बाई उठून दुसरीकडे बसली की हसू येत नसे. साबण कितीही लावला तरी वास जायचा नाही, म्हणून लग्नाकार्यात त्या आपणहून दाराजवळची खुर्ची धरत.

घरात सून आली ती शाळेत विज्ञान शिकवणारी. काकूंनी धास्तीच घेतली. कामावरून आल्या की मोरीत जाऊन डोक्यावरून पाणी घेतल्याशिवाय त्या तिच्यासमोर येत नसत. सून कधी काही बोलली नाही, आणि तिच्या न बोलण्याचाच काकूंना घोर लागला. “नावडतीचं मीठ अळणी म्हणतात, माझं तर अंगच खारट,” असं त्या शेजारणीला म्हणाल्या होत्या.

एकदा काकू डबा घरी विसरल्या. सुनेला सुट्टी होती. ती डबा घेऊन थेट कातड्यांच्या शेडवर आली. तिला पाहून काकूंचा जीव अर्धा झाला. आत नको म्हणून त्यांनी तिला मागच्या दाराने बाहेर नेलं. फरशी धुतल्यावरचं खारं पाणी तिथे मातीत मुरायचं. त्या चिखलावर फुलपाखरं बसतात हे काकूंना माहीत होतं. पण घाणीवर माशा तशी ही, असं समजून त्यांनी कधी नीट पाहिलंच नव्हतं.

ऊन रणरणत होतं आणि चिखल दिसतच नव्हता. पिवळी, पांढरी, निळसर फुलपाखरं एकमेकांना खेटून, पंख मिटून, सोंडा मातीत रोवून बसली होती. सुनेचं उचललेलं पाऊल तिथेच थांबलं.

“आई, हलू नका,” ती हळूच म्हणाली.

एक पिवळं फुलपाखरू काकूंच्या घामेजल्या मनगटावर उतरलं होतं. त्यानं गुंडाळलेली सोंड उलगडली आणि कातडीवर टेकवली. केसाहून बारीक, गुदगुल्याही होऊ नयेत इतका हलका स्पर्श. काकूंनी श्वास रोखून धरला.

सून कुजबुजत सांगू लागली. फुलातल्या रसात साखर असते, पण मीठ जवळजवळ नसतंच. ते मिळवायला फुलपाखरं चिखलावर, शेणावर, घामावर उतरतात. काही तर कासवाच्या डोळ्यांतलं पाणीही पितात. चिखलावर येणारे बहुतेक नर असतात. मादीशी जुळताना ते हे मीठ तिला देतात, आणि तिच्यातून ते अंड्यांत उतरतं.

काकू मनगटावरच्या सोंडेकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे बाप पोरांसाठी मीठ नेतोय?”

“हो.”

“आणि ते माझ्या अंगावरचं?”

“तुमच्या अंगावरचं, आई.”

आतून मुकादमानं हाक मारली. काकूंनी ओ दिली नाही. तो तणतणत दारात आला, समोरचं पाहून चप्पल काढावी की काय अशा बेतात उभा राहिला. त्याच्या मागून बाकीच्या बाया आल्या. मनगटावरच्या फुलपाखराचं पिऊन झालं तेव्हा ते उडालं, आणि त्याच्या मागोमाग कशानं कोण जाणे, सगळा चिखलच उठला. क्षणभर त्या सगळ्या माणसांच्या तोंडांना, केसांना पंखांचा वारा लागला.

काम सुटेपर्यंत सून तिथेच थांबली, आणि संध्याकाळी दोघी एकाच बसनं घरी निघाल्या. कुणाच्या शेजारी नको म्हणून काकू मागे उभ्या राहू लागल्या. सुनेनं त्यांचं मनगट धरून त्यांना आपल्या शेजारी बसवलं, आणि घर येईपर्यंत ते सोडलं नाही.