नखभर उंच वाघीण

मामांचं कार्ड आलं नसतं तर मी चिखलदऱ्याला गेलो असतो. मामा अकोल्याच्या रेल्वे यार्डात वर्षानुवर्षं हातोडीनं मालगाडीच्या वाघिणींची चाकं ठोकून तपासायचे. डोळे गेले, तसे अकोटला लेकीकडे राहायला गेले. कार्ड तिच्याच अक्षरात होतं : ‘तेलाच्या टाकीची वाघीण करून आण. आता हातानंच पाहीन. उंची सकाळी यार्डात जाऊन मोज.’

राकेलच्या डब्याचा पत्रा कापून, दोन फुटांना एक इंच या मापानं, टाकी मी घरीच केली होती. चाकंही तयार होती. टाकी चाकांवर किती उंच बसवायची, तेवढं खरी वाघीण पाहून ठरवायचं होतं.

अमरावतीहून पहिलीच गाडी धरा. बडनेऱ्याला गाडी बदलावी लागते, तिथं भजी गरम मिळतात. अकोल्याला मी सकाळीच उतरलो. पण वाटेत कापसाच्या बैलबंड्यांची रांग लागली आणि तिच्यामागून मी थेट बाजारात. तिथं दलाल रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवत होते, तोंडावरची माशीही न हलवता. ते पाहत बसलो. दुपार झाली.

यार्डात चौकीदारानं अडवलं. "कोनाचा व्हय रे तू?"

"सदाशिवमामांचा भाचा. चाकं ठोकायचे ते."

"सदाभाऊचा? मंग ये ना. पन सकायी यायचं होतं. आता टाक्या रिकाम्या झाल्या."

भरली काय, रिकामी काय, वाघीण तीच! सुतळीला गाठी मारून मी उंची घेतली आणि एका टिनवाल्याकडून त्याच मापानं पिशवीतली टाकी चाकांवर बसवून घेतली.

दुसऱ्या दिवशी अकोटची एसटी. मागच्या बाकावर बसू नका, सगळी धूळ तिथंच येते. शेजारच्या बाईनं मांडीवरची वाघीण पाहिली. "लेकरासाठी काय?"

"मामांसाठी. साठीच्या पुढं आहेत."

"मंग धरा बाप्पा नीट," म्हणाली आणि सरकून जागा दिली.

मामांनी दारातच हात पुढे केले. शिडी, झाकण, चाकं. चेहरा उजळत गेला. मग चाकाच्या आणि टाकीच्या मधल्या फटीत त्यांनी नख घातलं आणि थांबले.

"रिकामी मोजली तुनं. भरली असली का स्प्रिंगा दबतेत. इथं नख जात नाही. सकायी कुठी होता?"

"बाजारात. रुमालाखालचे सौदे पाहून राहिलो होतो."

मामा हसले, पण थोडंच. "रिकामी म्हंजे जायाच्या घाईतली. तुह्यासारखी. मले भरून आलेली पाह्यजे होती रे."

एक चाक बोटानं फिरवून त्यांनी वाघीण माझ्या हातात परत दिली.

ती आता माझ्या खिडकीत आहे. अकोल्याला गेलात तर तो बाजार जरूर पाहा, पण ज्या कामाला निघालात ते आधी उरका. टाकी मी चाकांवरून सोडवली आहे. अंदाजानं नखभर खाली बसवली तर मामांना काय कळणार, असं एकदा मनात आलं.

कळेल. सुतळी खिशात टाकली आहे. पहिली गाडी सकाळी आहे.