दोर कापणारी जिजी

आभाळ फाटलं की माणसं घरात शिरायची. आमची जिजी विळा घेऊन बाहेर पडायची. जिजी म्हणजे माझी सासू. तळोद्याजवळच्या आमच्या गावात तिला सगळेच जिजी म्हणत. ताडासारखी उंच, आणि तोंड असं की भांडायला आलेला माणूस तंबाखू मागून परत जायचा.

मी लग्न होऊन आले त्या वैशाखात वादळं थांबेचनात. सकाळी तापीकडून दमट वारा यायचा, दुपारी सातपुड्यावरून भट्टीसारखा कोरडा. दोघे गावावर भिडले की काळेनिळे ढग चढायचे आणि तिसऱ्या प्रहरी विजा, गारा, वावटळी. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. "दोन वारा भांडी ऱ्हायनात, पोरी. एक बी मांगे सरत नही," जिजी म्हणायची.

गारा सुरू होण्याआधी ती गोठ्यातले सगळे दोर कापायची. "बांधेल ढोर मरस, सुटं ढोर पयस," ती म्हणायची; सुटलेलं जनावर पळून जीव तरी वाचवतं. एकदा आमच्या म्हशी शेजारच्या दगाआप्पांच्या वांग्यांत घुसल्या. आप्पांनी काठी उगारली. जिजीने ती हिसकून मोडली. दोन्ही घरांचं बोलणं बंद झालं.

मग ती दुपार आली. ढगातून काळी सोंड उतरली आणि नदीकाठचे आंबे मुळासकट उपटत, गरगरत गावाकडे वळली. आप्पा तळोद्याच्या बाजारात. त्यांचे बैल दावणीला हंबरत होते. जिजी धावली, मागून मी. एक दोर तिने कापला. तेवढ्यात छपराचे पत्रे उडाले, आढं कोसळलं ते थेट तिच्या छातीवर. मी ते उचलायला वाकले तर तिने विळा माझ्यापुढे फेकला.

"मले सोड! दोर काप!"

मी रडत दुसरा दोर कापला. बैल मला आडवी पाडून सुटले आणि ते उभे होते तिथेच भिंत पडली.

जिजीला बाहेर काढलं तेव्हा तोंडातून रक्त येत होतं. आप्पा सुटलेले बैल वाटेत पाहून धापा टाकत पोचले.

"बैल वाचनात का?" तिने विचारलं.

"वाचनात, जिजी. दोन्ही वाचनात."

तिने डोळे मिटले, ते कायमचेच.

दुसऱ्या दिवशी नदीकाठी चिता पेटली आणि पुन्हा गारा आल्या. आमच्या ओसरीतून नदीकाठ अगदी समोर दिसायचा; मी तिथूनच पाहत होते. माणसं उरलेल्या झाडांखाली पळाली. दगाआप्पांनी शेतात पडलेला पत्रा उचलला आणि दोन्ही हातांनी चितेवर धरला. गारा त्यांच्या उघड्या डोक्यावर आपटत होत्या, रक्त कानांवरून ओघळत होतं, तळहात भाजत होते. माझे यजमान त्यांना मागे ओढत होते. आप्पांनी पत्रा सोडला नाही.