कोणाचा प्लाझ्मा, ते सांगायचं नाही

मालकांच्या मुलानं गाडीच्या मागच्या सीटवर आधी खताचं रिकामं पोतं अंथरलं. मग मला म्हणाला, बस.

मी बसले. युरियाचा वास असा घुसला की मास्कच्या आत गहू उगवतो की काय, असं वाटलं.

बाभुळगावात त्यांच्या घरी मी वर्षानुवर्षं भांडी घासली. एकावर एक रचली असती तर वर चढून नागपूर दिसलं असतं. पण त्यांच्या गाडीत बसायची ही पहिलीच वेळ.

आमच्या घरात कोरोना आला तेव्हा मालकीणबाईंनी फोनवर सगळ्या गावाला सांगितलं, रोग त्या बौद्ध वस्तीतूनच आला. पुण्याचं लग्न उरकून शिंकत शिंकत आलेला त्यांचा मुलगा त्या गोष्टीत कुठंच नव्हता. मी अन् नवरा सरकारी दवाखान्यात पडलो. मी खोकले की शेजारच्या वॉर्डातले पेशंट उठून बसायचे. बरे होऊन घरी आलो, तर कामावरून काढल्याचा निरोप आमच्या आधी येऊन बसलेला.

मग मालक पडले. यवतमाळला भरती केलं. डॉक्टर म्हणाले, प्लाझ्मा आणा. म्हणजे बरं झालेल्या माणसाच्या रक्तातलं पिवळं पाणी. त्यात रोगाशी लढायची ताकद असते म्हणे, ते काढून आजाऱ्याला चढवायचं. बाईंचा फोन आला, ताई, तुमचा रक्तगट कोणता?

ताई? मी मागं वळून पाहिलं, दुसरं कोणी उभं आहे काय. त्या घरात माझं नाव 'अगं ए' होतं. संशय तिथंच आला. पण माणूस मरायला टेकलेला. गट जुळला. गेले.

रक्तपेढीतल्या मॅडमनी पहिलंच विचारलं, लेकरं किती? मी छाती फुगवून सांगितलं, चार. त्या म्हणाल्या, मग चालत नाही. बाळंतपणं झालेल्या बाईच्या रक्तात अशी काही द्रव्यं राहतात की आजाऱ्याच्या फुप्फुसाला उलट त्रास होऊ शकतो. नीट समजावून सांगितलं त्यांनी. चहा घेऊन जा, असंही म्हणाल्या.

मालकांचा मुलगा मात्र सगळ्यांसमोर बोलला, "मंग हिले कायले आणलं एवढ्या दूर?"

जशी काही मी चार लेकरं पदराखाली लपवून आले होते. बाहेर येऊन पाहते तर गाडी नाही. एसट्या बंद. अर्धा रस्ता पायी तुडवला, अर्धा भाजीच्या टेम्पोत कोबीच्या गोण्यांवर बसून. खरं सांगते, गोणी त्या सीटपेक्षा मऊ होती.

दुसऱ्या दिवशी तीच गाडी आमच्या गल्लीच्या तोंडाशी. आता बाई स्वतः. त्यांचा पाय या गल्लीला कधी लागला नव्हता. नवऱ्याला न्यायला आल्या होत्या, त्याचाही गट तोच. माझा नवरा सुई दिसली की डोळे मिटणारा, तरी मुकाट्यानं चपला घालायला लागला. मी म्हटलं, थांबा. बाई एवढं गोड बोलून राहिल्या, यात काहीतरी आहे.

होतंच. बाई जवळ आल्या, आवाज खाली केला.

"एक करा, ताई. प्लाझ्मा कोणाचा आहे ते आमच्या यांना सांगू नका. शुद्धीत आहेत ते. तुमच्या लोकांचा म्हटलं तर नको म्हणतील. आम्ही सांगू, नागपूरच्या पाहुण्यांनी दिला."

त्या माणसाच्या छातीत श्वास मावत नव्हता, पण विटाळ अजून मावत होता. दूर बस, हात लावू नको, पोतं टाक. हे रोगापायी की आमच्यापायी, एवढे दिवस मी स्वतःलाच विचारत होते. आता विचारायचं काही उरलं नाही.

"बाई, फोन लावा मालकाले. आमचं नाव सांगा, वस्ती सांगा. ते हो म्हणले तं हे आत्ता येतात. गाडी नसली तं पायी येतात. पण चोरून नाई."

"माणूस मरून राह्यला, अन् तुले नावाचं पडलं?"

ताई गेली. मी परत 'तुले' झाले.

"नावाचं तुमालेच पडलं, बाई. म्हणून तं लपवा म्हणता."

त्यांनी फोन काढला. बोट त्यावर ठेवलं. लावतील, असं मला शेवटपर्यंत वाटत होतं. त्यांनी फोन पर्समध्ये टाकला अन् गाडीत बसल्या.

दुपारी नवरा शेजाऱ्याच्या मोटरसायकलवर यवतमाळला गेला, डोळे मिटून प्लाझ्मा देऊन आला. डॉक्टर म्हणतील त्याला द्या म्हणाला. तिथं त्याला कोणी नाव लपवायला सांगितलं नाही.

मालक वाचले. कोणाच्या पिशवीनं, की पिशवीशिवायच, मला माहीत नाही. पुढं डॉक्टरांनीच प्लाझ्मा सोडून दिला, फारसा उपयोग नाही म्हणाले. बाईंनी परत भांड्याला बोलावलं, मी गेले नाही.

गाव अजून म्हणतं, हिनं मरत्या माणसाला अट घातली. हो, घातली. उद्या लागलं तर पुन्हा घालीन. आमच्या घरातून रक्त मागा, किडनी मागा, देऊ. पण अंधारातून काही जाणार नाही. घेणाऱ्याचा श्वास अडलेला असला, तरी आधी त्याला आमचं नाव घ्यावं लागेल. मोठ्यानं.