तशी सोय केलेली नाही

ऑफिसात सगळे तिला ताई म्हणत. थायरॉइडचं काम कॉम्प्युटरवर हुबेहूब चालवून दाखवणारा प्रोग्रॅम तिने लिहिला होता. नमुन्याची पेशंट म्हणून तिने त्यात रोज थायरॉइडची गोळी घेणाऱ्या स्वतःच्या आईचे रिपोर्ट घातले होते; परका माणूस कुठे शोधत बसायचा? आई हसली होती, "अगं मेले, आता मला मशीनमध्येपण कोंबलंस?"

आई गेली तेव्हा ताईच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. नातेवाईक कुजबुजले, दगड आहे नुसती. कुजबुजोत बापडे. रजा संपली तशी ती कामावर आली, टेबल पुसलं आणि बसली.

दुपारी प्रोग्रॅम तपासणारा सहकारी कुरकुरत आला. पेशंट कोण, हे त्याला ठाऊक नव्हतं.

"ताई, हिची गोळी मी कायमची बंद करून पाहिली. मेंदू ग्रंथीला हाका मारून दमला, अंग गार पडलं, नाडी मंदावली. पण बाई काही मरत नाही! चूक आहे ही."

ताईने पडद्याकडे पाहिलं. नाडीची रेघ खालून संथ चालली होती.

"चूक नाही. तशी सोयच केलेली नाही मी."

"मग करा की."

"करते," ती म्हणाली, आणि तिने आईची गोळी पुन्हा सुरू केली.