समुद्राकडे तोंड

आमच्या गावाला समुद्र होता, पण गाव त्याच्याकडे बघत नसे. मालवणच्या किनाऱ्यावरचं आमचं लहानसं बंदर. पेठेतल्या सगळ्या घरांचे ओटे रस्त्याकडे आणि मागलं दार समुद्राकडे. मागल्या दारी काय, तर भांडी घासायची जागा, माडाच्या सुक्या चुडतांचा ढीग, मासे साफ करायचा दगड आणि त्यापलीकडे संडास. पाहुणा आला की त्याला ओट्यावर बसवून रस्ता दाखवायचे. रस्त्यावर दिवसभरात दोन बैलगाड्या आणि पोस्टमन, पण बघण्यासारखं काही असेल तर ते तिकडेच, असा सर्वांचा पक्का समज होता.

आई मात्र सावंतवाडीची. तिचं माहेर तळ्याजवळ. देवळातून येताना पाण्याच्या काठी घटकाभर बसायची तिला लहानपणापासून सवय. लग्न होऊन समुद्राशेजारी आली आणि ती सवय बंद झाली. बंदरावर मासळीच्या बायका कामाला येत, बाकीच्या नारळी पौर्णिमेला नारळ सोडायला. उगाच जाऊन बसायची बाईमाणसाला रीत नव्हती. जायचं तर काहीतरी निमित्त हवं.

आईने ते शोधून काढलं होतं. मुंबईची बोट पावसाळा सोडून आमच्याकडे येई. ती दूर खोल पाण्यात उभी राही आणि माणसं होडीतून तिच्यापर्यंत जात. निरोप द्यायला बायका आल्या तर कोणी नावं ठेवत नसे. म्हणून आई सगळ्यांना पोचवायला जाई. आधी आमच्या काकांना, मग शेजाऱ्यांच्या भाच्याला, मग जिचं तोंडही धड पाहिलं नव्हतं अशा तलाठ्याच्या सासूलासुद्धा. जाताना हातात गोड खाज्याची पुडी असे. तलाठ्याच्या सासूबाई त्या पुडीने इतक्या गहिवरल्या की होडीत बसायलाच विसरत होत्या.

वडील चेष्टा करत. "आज कोणाक पोचवूक चललंस गो? आता गावात माणूस उरलो नाय."

"तुमका काय त्याचा? तुमी दुकान बघा," आई म्हणे आणि चपला पायात सरकवी.

मी बरोबर जाई. होडी गेली, रुमाल हलवून झाले, की लोक पाठ फिरवून घरी निघत. आई उभीच राही. बोट भोंगा देऊन भूशिराआड गेली तरी ती हलत नसे. माझ्या पायांना वाळूचे चटके बसत, मी पदर ओढी. घरी परतल्यावर मात्र तिचं सगळं सुरळीत. त्या दिवशीची आमटी वेगळीच लागे, आणि मार मिळण्याजोगं काही केलं असलं तरी तो मिळत नसे. आई फार हळवी आहे, परक्यांचा विरहही तिला सोसत नाही, असं मी मैत्रिणींना सांगत असे. 

मग रस्ता झाला. कसालवरून एसटी येऊ लागली आणि आमच्या बंदरात बोट थांबेनाशी झाली. आई एकदा कुणालातरी एसटीवर पोचवायला गेली आणि लगेच परत आली. "नुसती धूळ," एवढंच म्हणाली. पुढे कोण मुंबईला गेलं नि कोण आलं, तिने विचारलंही नाही. तिची चिडचिड वाढली. भाताचं टोप आदळे, माझ्या वेणीला हिसका बसे. वडिलांना वाटलं, तब्येत बिघडली. त्यांनी वैद्याकडून काढा आणला. आईने तो तुळशीत ओतला.

त्याच सुमारास वडिलांनी आणि पेठेतल्या चार व्यापाऱ्यांनी बंदर सुधारायचं मनावर घेतलं. पडकी वखार काढायची, उकिरडा उचलायचा, चिऱ्याची बुटकी भिंत घालायची, आणि गावकऱ्यांना समुद्राकाठी बसायला बाकडी बांधायची. वडिलांनी तर ते डोक्यावरच घेतलं. जेवताना ताटात आमटीने नकाशे काढत.

एका रात्री वाढता वाढता आईने विचारलं, "थंय बायकांनी बसला तर चलात?"

"न चलाक काय झाला? बाकडी सगळ्यांसाठीच," वडील म्हणाले आणि भात मागितला.

आईने त्यांना भाताबरोबर तुपाची धार जास्तच वाढली. त्यानंतर रोज ती मला विचारी, काम कुठवर आलं. स्वतः बघायला गेली नाही. बांधून होऊ दे, म्हणाली. मला तेव्हा कुठे उमगलं की तिला हवं होतं ते एवढंच. कोणालाही न पोचवता तिथे बसायचं होतं.

बाकडी झाली. समारंभ झाला, पाहुण्यांनी गाव आणि सागर यांच्या नात्यावर लांबलचक भाषण केलं, तेही सागराकडे पाठ करून. आणि बाकडीही तशीच! चिऱ्याची भक्कम बैठक, सिमेंटची सुबक पाठ, आणि तोंड सगळ्यांचं रस्त्याकडे. गंमत म्हणजे कोणालाच त्यात वावगं दिसलं नाही. बसलं की येणारा-जाणारा दिसायला नको?

आई संध्याकाळी जाऊन बघून आली. "बरी झाली हत," म्हणाली आणि तांदूळ निवडायला बसली. पुन्हा काही गेली नाही.

माझं तोंड तेव्हाही आवरत नसे. मी दुकानात जाऊन गिऱ्हाइकांसमोर वडिलांना म्हटलं, "समुद्राकडे पाठ करून बसायचं तर आपला ओटा काय वाईट होता?"

"अगो, सांजचा ऊन डोळ्यार येता. वारो धोतर उडयता," ते म्हणाले. 

"आईला ते ऊनच हवंय."

वडील तागडी तशीच धरून उभे राहिले. गिऱ्हाईक गुळाची वाट बघत राहिलं.

त्यानंतर त्या व्यापाऱ्यांच्या समितीत कडाक्याचं भांडण झाल्याचं कानावर आलं. एकच बाकडं उलटं केलं तर वाकड्या दातासारखं दिसेल, असं बाकीचे म्हणत होते. वडील घरी काही बोलले नाहीत. काही दिवसांनी दुकान लवकर बंद करून आले आणि आईला म्हणाले, "चल, बंदरार जावया."

"कोणाक पोचवचा हा?"

"कोणाक नाय. चल."

आमच्या घराजवळच्या बाकड्याची पाठ फोडून दुसऱ्या बाजूला बांधली होती. सिमेंट अजून ओलसर दिसत होतं. आई आधी बाकड्याकडे बघत राहिली, मग वडिलांकडे. मग बसली. वडीलही बसले. रस्त्यावरून कोणी "काय शेटानु?" म्हटलं की बिचाऱ्यांना मान पिरगाळून उत्तर द्यावं लागे. मी भिंतीवर बसले होते आणि मला वडिलांविषयी त्या दिवशी इतकी माया वाटली की सांगता येत नाही.

ऊन खरंच डोळ्यांवर येत होतं. वडिलांनी हाताची सावली करून बराच वेळ पाण्याकडे बघितलं. तिथे ना होडी, ना माणूस. शेवटी त्यांनी विचारलं, "आता तर बोट पण नाय. काय बघतंस गो?"

आईने नजर काढली नाही.

"बोट आड येय होती," ती म्हणाली.